समुद्र पाठीशी घे

माझं दुकान बटणांचं, वाल्परायसोमध्ये,
एका टेकडीच्या पायथ्याशी, जिथून एकशे त्रेसष्ट पायऱ्या
वर चढू लागतात आणि मध्येच विचार बदलून डावीकडे वळतात.
बटणं घ्यायला आठवड्याला चारजण येतात.
रस्ता विचारायला रोज चाळीस.

विचारत नाहीत खरं तर. दारात येऊन
फोन तळहातावर धरतात, गरम बशी धरावी तसा,
आणि चकवा लागल्यासारखे स्वतःभोवती फिरतात.
निळा ठिपका जागचा हलत नाही.
त्याच्या पुढचा उजेडाचा पंखा मात्र
आधी बेकरीकडे, मग बंदराकडे, मग माझ्याकडे.
माझ्या शटरच्या लोखंडानं होकायंत्राची मती फिरते,
हे मला फार उशिरा कळलं.

विल्नेर आला तेव्हा पाऊस भुरभुरत होता.
हैतीचा पोरगा, पाठीवर चौकोनी पेटी,
पेटीत कुणाचं तरी सूप निवत चाललेलं.
फोन म्हणत होता, तुम्ही पोहोचला आहात.
समोर शेवाळलेली भिंत. भिंतीवर मांजर.
मी म्हटलं, पोहोचलास रे,
पण तीस मीटर खाली.
आणि वर बोट केलं.
बरोबर डोक्यावर, लाकडी खांबांवर तोललेलं
पिवळ्या पत्र्याचं घर,
सज्जातून एदुविगेस बाई वाकलेली,
सूप कुठं अडलं म्हणून.
नकाशाच्या लेखी ती दोघं
एकाच जागी उभी होती.

तेव्हापासून मी फोन कुणाच्या हातून घेत नाही.
घेतला की माणसं कावरीबावरी होतात.
मी खांदे धरून माणूसच फिरवते.
नकाशात समुद्र वर, टेकडी खाली.
आमच्याकडे उलट.
नकाशावर भिस्त ठेवून जो चढतो
त्याला वाटत राहतं आपण उतरतोय,
आणि तो दहाव्या पायरीवर थांबतो.
म्हणून सांगते, समुद्र पाठीशी घे.
कुठंय समुद्र? लिंबू सोड हातातून,
ते दाखवील.
आता फोन वळव. निळं तुझ्या पोटाकडे आलं?
मग चढ.

ऑगस्टमध्ये बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं.
सांतियागोला मेट्रोतून वर आले
आणि सपाट. चारी बाजूंनी सपाट.
पर्वत धुरक्यात बुडालेले,
लिंबू सोडलं असतं तर तिथंच पडून राहिलं असतं.
भाचीनं दिलेल्या फोनवर निळा ठिपका.
तो मी.
इतकी वर्षं दुसऱ्यांचे ठिपके पाहिले,
स्वतः ठिपका होणं पहिल्यांदाच.
पंखा गरागरा फिरत होता.

लाज गिळून विल्नेरला फोन लावला.
तो कुठल्याशा चढावर धापा टाकत होता.
म्हणाला, दोन्या झुनिल्दा, आधी लोखंडापासून लांब या,
मग फोननं हवेत आठ काढा. आडवा आठ.
लोक बघतायत रे.
बघू देत. अजून दोनदा.
सावली पडलीय का?
फिकी आहे.
दुपारची ना? मग ती दक्षिणेला.
तिच्याकडे पाठ करा. आता नाक उत्तरेला,
नकाशाचं वरचं टोकही उत्तरेला.
ठिपका आता कुठं बघतोय?
मी म्हटलं, मी बघतेय तिकडेच.
पलीकडे दाराची घंटी वाजली. त्यानं फोन ठेवला.

वीस मिनिटं उशीर झाला.
बहीण जागी होती, एका डोळ्यावर पट्टी.
मला न बघताच म्हणाली,
इथून समुद्र कोणत्या बाजूला गं?
मी कपाटाकडे बोट केलं.
त्याच्यामागं भिंत, भिंतीमागं शंभर किलोमीटर.
नर्स म्हणाली, ते कपाट उघडायचं नाही हं.
बहिणीनं सावकाश कूस बदलली,
कपाटाकडे पाठ केली,
आणि झोपली.